मागच्या सीटवरचं वजन

"पुढे बसा की, आर्विड. पाय तरी पसरता येतील," रोक्सॅन म्हणाली.

आर्विड तोवर मागच्या सीटवर उजवीकडे बसून, पट्टा लावून मोकळे झाले होते. वय चौऱ्याऐंशी, अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड लोकरी कोट, मांडीवर कॉफीचा थर्मास. "मी फिरायला आलेलो नाही," ते म्हणाले. "मी वजन आहे."

गाड्या विकण्यात रोक्सॅनची सोळा वर्षं गेली होती. गाडी बघायला लोक बायकोला आणतात, मेव्हण्याला आणतात. एक जण तर बोकड घेऊन आला होता, कारण गाडी शेवटी बोकडालाच वापरायची होती. पण वजन म्हणून अजून कुणी आलं नव्हतं. तिने डेलविनकडे, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. डेलविन तिथे नव्हता. तो पुन्हा त्या दोन गाड्यांना फेरी घालायला गेला होता. ही सकाळपासूनची पंधरावी. एवढ्या फेऱ्यांत एखादा नवस फिटला असता.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच निळ्या रंगाच्या, तशाच नाकाच्या. फरक एकच. एकीला इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांवर, दुसरीला चारी चाकांवर. आणि अमेरिकेतलं डुलुथ हे गाव असं, की रस्ते सरोवराच्या काठापासून जिन्यासारखे वर चढतात आणि वर्षातले पाच महिने त्या जिन्यावर बर्फ असतो. इथे गाडी कुठली घ्यावी, हा प्रश्न पाळण्यातल्या पोरालाही पडत नाही. डेलविनला पडला होता.

डेलविन रास्क, वय त्रेपन्न, वजन-मापं खात्यातला निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, एवढंच त्याचं काम. खाटकाचा अंगठा काट्यावर किती दाबला गेलाय, हे त्याला दारातूनच कळायचं, आणि सव्वीस वर्षांत त्याने कुणाला अर्धा औंसही सोडला नव्हता. एरवी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. एकच चैन त्याने केली होती. एकोणीस वर्षांपूर्वी एक जुनी, मागच्या चाकांची स्पोर्ट्स सेडान विकत घेतली होती. त्या गाडीत मागची चाकं ढकलायचं काम करायची आणि पुढची फक्त वळायचं, त्यामुळे स्टिअरिंग हातात कसं मोकळं, जिवंत वाटायचं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या गावात असलं सांगत नाहीत.

पहिल्याच बर्फात गाडी चढावर अडकली. शेजारीपाजारी म्हणाले, मागच्या चाकांवर भार पडला की ती घसरत नाहीत, डिकीत वाळूच्या पिशव्या टाक, सगळे टाकतात. डेलविनकडे तपासणीच्या वजनांची पेटी होती, तीस पौंडांची. ती सरकारी वजनं खाजगी घसरण थांबवायला वापरता येतील का, असं त्याने खात्याला लेखी विचारलं. येणार नाहीत, असं लेखी उत्तर आलं. तेव्हा त्याचे सासरे आर्विड नुकतेच लोहखनिजाच्या धक्क्यावरून निवृत्त होऊन खिडकीतून रस्ता बघत बसायला लागले होते. चाळीस वर्षं त्यांनी बोटींत खनिज भरलं होतं. बोटीचं कुठलं टोक किती खाली बसलंय, हे ते किनाऱ्यावरून सांगायचे. ते म्हणाले, वाळू कशाला विकत आणतोस, मी दोनशे अठ्ठावीस पौंडांचा आहे. आणि येऊन मागे बसले.

बसले ते एकोणीस हिवाळे. नोव्हेंबर लागला की डेलविन गॅरेजमधल्या काट्यावर त्यांचं वजन करायचा, दोघं समाधानाने मान हलवायचे, आणि एप्रिलपर्यंत म्हातारा रोज त्याच्याबरोबर दुकानं हिंडायचा. डेलविन आत काटे तपासायचा, आर्विड गाडीत जाहिरातींची पत्रकं वाचायचे. दुकानदार बाहेर येऊन खिडकीवर टकटक करून त्यांना दालचिनीचा पाव द्यायचे. ते दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे. दोघांत बोलणं दिवसाला सरासरी तीन वाक्यं. त्यातलं एक हवेबद्दल.

आणि हे सगळं वजनाच्या नावाखालीच होऊ शकत होतं. तिथल्या माणसांत कुणाला 'मला एकट्याला करमत नाही, चल माझ्याबरोबर' असं म्हणणं म्हणजे चर्चमध्ये उघड्याने जाण्यासारखं आहे. कुणाला बरोबर न्यायचं तर काही काम निघावं लागतं. शिडी धरायला चल. होडी ढकलायला चल. काम नसेल तर माणूस आपापल्या घरी.

गेल्या आठवड्यात मेकॅनिकने जुनी गाडी वर उचलली, खालच्या पत्र्यात बोट घातलं, आणि ते आरपार गेलं. त्याने बोट तसंच ठेवून डेलविनकडे पाहिलं. गंज सांगायला त्याला शब्द लागले नाहीत.

त्यात उन्हाळ्यापासून आर्विडच्या पोटात काहीतरी निघालं होतं. डेलविनच्या बायकोचे, मार्लिसचे, सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. तिचं म्हणणं साधं होतं. चारी चाकांची गाडी घे आणि बाबांना घरी राहू दे. रस्त्यात त्यांना काही झालं तर तू काय करणार, काटा तपासणार? तिने खिडकीजवळच्या खुर्चीसाठी नवी उशीसुद्धा आणली होती. त्याच खुर्चीत तिच्या आईने शेवटचा हिवाळा काढला होता. आर्विड त्या खुर्चीच्या बाजूने जाताना भिंतीला चिकटून जायचे.

म्हणजे आज निवड होती ती गाडीची नव्हतीच. चारी चाकांची घेतली की आर्विडचं काम संपलं. रोक्सॅनने दिलेल्या माहितीपत्रकात तर तसं जवळजवळ छापलेलंच होतं. चारी चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेमुळे ही गाडी दुसरीपेक्षा एकशे साठ पौंडांनी जड आहे, असं तिथे लिहिलं होतं. डेलविनने ते वाक्य चार वेळा वाचलं. एकशे साठ पौंड म्हणजे बरोबर एक आर्विड, गेल्या वर्षीचा.

पंधरावी फेरी संपवून तो आला आणि चारी चाकांच्या गाडीत चालकाच्या जागी बसला. रोक्सॅन शेजारी बसली. सकाळपासून बर्फ पडत होता, आणि डेलविनने गावातला सगळ्यात खडा रस्ता निवडला. गाडी त्यावरून लिफ्टसारखी वर गेली. ना घसरणं, ना कुरकुर. वरच्या टोकाला पोचल्यावर रोक्सॅन म्हणाली, बघा, कळलंसुद्धा नाही. डेलविनने आरशात पाहिलं. आर्विड स्वतःच्या निरोप समारंभात बसवल्यासारखे ताठ बसले होते.

"चांगली आहे," ते म्हणाले. त्या भागात याच्यापेक्षा कडू काही बोलत नाहीत.

मग दुसरी गाडी. आर्विड पुन्हा मागे, पुन्हा उजवीकडे, पण आता थर्मास बाजूला ठेवून, बाह्या सावरून. सपाटीवर पहिल्याच वळणाला डेलविनच्या हातांना ओळख पटली. स्टिअरिंग तसंच मोकळं. तो स्वतःशी हसला आणि कुणी बघितलं का म्हणून लगेच खोकला. मग तो त्याच चढाला लागला. पहिला चौक निघाला. दुसऱ्याच्या अलीकडे मागची चाकं फिरायला लागली, स्टिअरिंगमागे घसरणीचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, आणि गाडीचं शेपूट हळूच शेजारच्या टपालपेटीकडे निघालं.

आर्विडनी पट्टा सोडला. डावीकडे सरकले. गाडीने जरा पकडलं. मग उजवीकडे, मग सीटच्या अगदी मागे पाठ दाबून, दात आवळून, धक्क्यावरच्या सगळ्या चाळीस वर्षांसकट. आणखी तीन फूट. रोक्सॅनने वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. गाडी थांबली. क्षणभर विचार केल्यासारखी उभी राहिली. आणि मग मागे घसरायला लागली.

ती आडवी होऊन बर्फाच्या ढिगाला टेकली. गेल्या वर्षी, याच चढावर, जुन्या गाडीतसुद्धा ते वर गेले होते.

डेलविनने गाडीचं तोंड खाली केलं आणि उताराला लावलं. तेव्हा मागून पुढे काहीतरी गडगडत आलं. त्याच्या सीटखालून निघालं आणि टाचेला लागलं. ते ब्रेकखाली जाऊ नये म्हणून त्याने टाचेने दाबून धरलं. गोल, गुळगुळीत, लहान संत्र्याएवढं. सरोवरात खोल पाण्यात गळ न्यायला शिशाचा गोळा लावतात, तो. टाचेनेच त्याला कळलं: चार पौंड.

मग त्याने आरशात पाहिलं आणि इतके दिवस न पाहिलेलं पाहिलं. कोट खांद्यांवरून दोन्ही बाजूंना खाली ओढला गेला होता. उजव्या खिशात एक, डाव्यात एक, आणि सरकताना खिशातून निसटलेला हा टाचेखालचा तिसरा. नोव्हेंबरात गॅरेजमधल्या काट्याने एकशे सेहेचाळीस दाखवले होते, आणि आर्विड थंडी वाजते म्हणून कोट घालूनच उभे राहिले होते. बारा पौंड शिसं. सहा पौंड कोट आणि बूट. सव्वीस वर्षं राज्यभरातल्या खाटकांचे अंगठे पकडणारा माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये फसला होता.

"कसला आवाज झाला?" रोक्सॅनने विचारलं.

"माझंच आहे," डेलविन म्हणाला. "कामाचं वजन."

तिने त्याच्या टाचेकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. शोरूमशी गाडी थांबली. खाली उतरताना डेलविनने तो गोळा उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

आत रोक्सॅनने टेबलावर फॉर्म मांडला आणि पेन उघडलं. डेलविन बसला. उठला. खिडकीशी गेला, परत आला, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. खिशात फोन थरथरला. मार्लिसचा चौथा. त्याने तो थरथरू दिला.

"चारी चाकांची घे," आर्विड म्हणाले. "त्यात एवढा विचार कसला? मी घरी बसेन. मार्लिसने उशी आणलीय." उद्या ढग येणार, या सुरात.

डेलविनच्या घशाशी एक वाक्य आलं. गाडी कुठलीही असो, तुम्ही या. चार-पाच शब्दांचंच होतं. पण असलं वाक्य त्रेपन्न वर्षांत तिथून बाहेर पडलं नव्हतं, आणि आजही ते दारापर्यंत येऊन परत गेलं. मग त्याने कचेरीतला आवाज काढला आणि रोक्सॅनला विचारलं, "या चारी चाकांच्या गाडीला मागे वजन लागतं का?"

अजिबात नाही, तीच तर गंमत आहे, हे वाक्य रोक्सॅन सोळा वर्षं रोज म्हणत होती. त्यातलं 'अजि' बाहेर पडलंसुद्धा. मग ती थांबली. तिने डेलविनच्या ओढल्या गेलेल्या खिशाकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या कोटाच्या खिशांकडे पाहिलं. माहितीपत्रक पुढे ओढलं, रेडिओबद्दलचं एक पान बराच वेळ वाचलं आणि मिटलं.

"लागतं," ती म्हणाली. "कंपनी छापत नाही. मागच्या सीटवर, उजवीकडे."

आर्विडनी मान वर केली. "किती?"

गाड्यांत येण्याआधी रोक्सॅन बारा वर्षं पुरुषांच्या पँटी विकत होती. माप घ्यायला तिला फीत लागायची नाही. तिने कोटाच्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट पाहिलं, कॉलरमधली मान पाहिली.

"एकशे तीस पौंड. त्याच्या आतच. वर गेलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि मग गाडी ऐकत नाही. लोक भारीभक्कम माणसं आणून बसवतात आणि नंतर माझ्याकडे तक्रार करतात."

"एकशे तीसच्या आत," आर्विड म्हणाले. धक्क्यावर हुकूम मिळाला की तो परत म्हणून दाखवायची पद्धत होती. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. तिचं खरं वाटलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकदा पुढे उडी मारून गेला.

"मी एकशे अठ्ठावीस आहे," ते म्हणाले.

हा आकडा घरात कुणी ऐकला नव्हता.

"बसतं," डेलविन म्हणाला. आवाज अजून कचेरीतलाच होता. "कोट धरत नाहीत. खिशातलं मात्र धरलं जातं."

आर्विडनी उजव्या खिशात हात घातला आणि एक गोळा काढून फॉर्मशेजारी ठेवला. मग डाव्यातला. पेन घरंगळून कडेपर्यंत गेलं, ते रोक्सॅनने अडवलं. डेलविनने स्वतःच्या खिशातला तिसरा काढून त्यांच्या रांगेत ठेवला. आर्विडनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही पाहिलं नाही.

मग आर्विड निघायला म्हणून उठले. नोव्हेंबरपासून जितका जोर लावून उठत होते तेवढाच जोर त्यांनी लावला, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, आणि भरलेली समजून रिकामी बादली उचलल्यावर हात जसा झटकन वर जातो, तसे ते वर आले. तोल गेला. त्यांनी टेबल पकडलं आणि तसेच उभे राहिले.

डेलविन आणि रोक्सॅन दोघंही खाली वाकून फॉर्मवरचा गाडीचा नंबर फार लक्ष देऊन वाचायला लागले.