तीन टोप्या घातलेला मायक्रोफोन

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. एका छोट्याशा रेडिओ केंद्रात, खिडकी नसलेल्या खोलीत, टेबलाला घट्ट बसवलेला. कारखान्यातून आलो तेव्हा असा चकाकत होतो की आमच्या निवेदिका मावशी माझ्यात बघून केस सारखे करायच्या. आता चकाकी गेली, पोचे आले, पण कान अजून तिखट आहेत.

बोलणाऱ्याच्या श्वासाची फुसफुस ऐकू जाऊ नये म्हणून आम्हाला स्पंजाची टोपी घालतात आणि तिच्यावर केंद्राचं नाव छापतात. माझी पहिली टोपी निळी, तिच्यावर 'नगरवाणी'. तेव्हा बातम्या, हवामान, भाज्यांचे भाव, मुलांच्या गोष्टी, सगळं माझ्यातून जायचं. मग मालक बदलले. नाव झालं 'सुरेल', टोपी पिवळी, आणि बातम्या जाऊन जुनी गाणी आली. मावशींचा 'हरवलं-सापडलं' हा सकाळचा तास तेवढा टिकला. कुणाची छत्री, कुणाचा चष्मा, कुणाची मांजर. मावशी अशा काही सांगायच्या की ऐकणाऱ्याला आपलीच वस्तू हरवल्यासारखी वाटे.

पिवळी टोपी मला ढगळ झाली. आमचे तंत्रज्ञ काका भलतेच काटकसरी. त्यांनी निळी काढलीच नाही, पिवळी तिच्यावर चढवली. "टाकायची कशाला? आतून ऊब राहील," म्हणाले. जसा काही मी थंडीने कुडकुडतच होतो!

पुढे नवे साहेब आले. नाव 'धडाका', टोपी लालभडक, आणि दिवसभर फक्त गाणी. म्हणजे मावशींचा तास बंद आणि माझी रवानगी कपाटात. साहेब वाईट नव्हते हो, लोकांना बडबड नको असते असं त्यांना मनापासून वाटायचं. मावशींनी एवढंच मागितलं, की शेवटच्या तासाला ऐकणाऱ्यांचा निरोप घेऊ द्या. साहेब हो म्हणाले. मला मात्र फार वाईट वाटलं.

त्या सकाळी काकांनी लाल टोपी सवयीने पिवळीवरच चढवली आणि ते दारावर नवी पाटी ठोकायला गेले. मावशी बोलू लागल्या. त्यांचा खणखणीत आवाज गोधडीत तोंड खुपसल्यासारखा बाहेर पडू लागला. माझा जीव गुदमरत होता, पण सांगणार कुणाला?

पुढचं मला नंतर काकांकडून कळलं. बाहेर फोन खणाणला. नव्या नावाचं कौतुक असणार म्हणून साहेबांनी हौसेने उचलला, तर एक आजोबा विचारत होते, मावशींचा घसा बसलाय का? मग न्हावीदादांचा फोन, मग शिंपीणबाईंचा. कुणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, कुणी गप्प बसायला सांगितलं. नवं नाव कसं वाटलं, असं साहेब प्रत्येकाला विचारून बघत होते. शेवटी शिंपीणबाई म्हणाल्या, "नाव काहीही ठेवा. आमच्याकडे तो मावशींचा रेडिओच आहे." तेवढ्यात औषधांचे दुकानदार खोकल्याची बाटली घेऊन स्वतः दारात हजर झाले.

निरोपाची वेळ आली. शेवटचं गाणं चालू असताना साहेब हळूच आत आले आणि बाटली माझ्याशेजारी ठेवली.

"मावशी, निरोप राहू द्या. उद्या किती वाजता, तेवढं सांगा."

मावशींनी डोळे पुसले आणि रोजचीच वेळ सांगितली.

घसा तर ठणठणीत होता, म्हणून काकांनी माझ्या टोप्या उतरवून पाहिल्या. लाल, पिवळी आणि निळी. निळीचा तर हातातच भुगा झाला. साहेब पोट धरून हसले, काका ओशाळले. ढगळ लाल टोपीला मावशींनी आतून दोन टाके घातले आणि ती मला नीट बसली.

मित्रांनो, आम्हाला नवे कपडे जरूर घाला, पण आधी जुने उतरवा, धूळ पुसा. आणि चालू आहे का बघायला फुंकर मारू नका, कानठळ्या बसतात. बाकी माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी सगळ्यात आधी जी सूचना दिली, ती ऐकून मला भरून आलं.

"काल आमच्या मायक्रोफोनचा आवाज हरवला होता. तो दोन जुन्या टोप्यांखाली सापडला. शोधायला मदत करणाऱ्या सगळ्यांचे आभार."