उलट विचारायचं नाही

“इंदापूरच्या गाडीला लय गर्दी हुती. काय करशील? बोल.”

आण्णा खुर्चीत ताठ बसले होते, अंगात ड्युटीचा खाकी शर्ट. मुलाखत घेणारा साहेब बनियनवर कसा बसेल, असं त्यांचं म्हणणं. समोर स्टुलावर मी.

“कुठल्या टायमाच्या गाडीला, आण्णा?” मी विचारलं.

झालं! त्यांनी मांडीवर थाप मारली. “उलट इचारायचं न्हाय. सायबानं इचारलं की आपुन सांगायचं. पुन्यांदा कर.”

“सायेब, च्या घेता का?” आईनं चुलीपुढून विचारलं आणि तोंडाला पदर लावला.

ही सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमचे आण्णा, गंगाराम अहिवळे, बारामतीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. मी त्यांची थोरली, तेजश्री. पुण्याला एमबीएच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मुलाखतीच्या तयारीसाठी कन्हेरीला घरी आले होते. कॉलेजात बाकीच्या कंपन्या येत त्या माल विकायला मोटारसायकलवर फिरणारी मुलं शोधत. मुलींकडे बघतही नसत. दोनच कंपन्या अशा होत्या की त्यांना प्रॉडक्ट मॅनेजमेंटला माणसं हवी होती. म्हणजे काय, हे आण्णांना समजावताना माझा घाम निघाला होता.

“मिक्सर इकायचा न्हाय, आण्णा. मिक्सर कसा पायजे ते ठरवायचं.”

“ते इंजनेर ठरवत्यात की.”

“इंजनेराला सांगायला कुणीतरी लागतंयच ना?”

हे त्यांना पटलं. इंजिनियरला सांगणारी मुलगी, ही कल्पना त्यांना फारच आवडली. त्यांनी ती स्टँडवर दोन दिवसांत सगळ्या कंडक्टरांना ऐकवली.

आदल्या वर्षी पास होऊन गेलेल्या श्रेयानं मला एका कागदाची झेरॉक्स दिली होती. त्यावर पाच चौकटी होत्या. वस्तू कुणासाठी, त्यांची अडचण काय, उपाय कोणकोणते, त्यातला आधी कोणता आणि का, आणि उपाय लागू पडला हे कशावरून ओळखायचं. त्या पाच चौकटींच्या डोक्यावर श्रेयानं पेनानं लिहिलं होतं, ‘उत्तर देण्याआधी त्यांनाच प्रश्न विचार.’ आण्णांनी कागद नीट वाचला. पाचही चौकटींना मान डोलावली आणि वरची ओळ लाल पेनानं खोडून टाकली.

“आण्णा, तीच तर मेन हाय!”

“तेजे, बाकी तुला कायबी कळत आसंल. ह्यातलं मला कळतंय. सायबाला उलट इचारलं की सपलं. मला शबूद दे.”

मी शब्द दिला. आण्णांनी कधी कशासाठी हट्ट धरलेला मी पाहिला नव्हता, म्हणून दिला.

जानेवारीत पहिली कंपनी आली. टेबलापलीकडे तिघं. त्यातल्या बाईंनी विचारलं, “आमचा मिक्सर तालुक्याच्या गावांत खपत नाही. काय कराल?” मी एकही प्रश्न न विचारता पाचही चौकटी धडाधड भरल्या. किंमत कमी करा, भांडं लहान करा, एस.टी.वर जाहिराती रंगवा. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मिक्सर महाग आहे म्हणून खपत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? घेतलेले मिक्सर जळून परत येताहेत. गावात व्होल्टेज नसतं. एक प्रश्न विचारला असतात तर आम्हीच सांगितलं असतं.”

कन्हेरीत आमच्याच घरात संध्याकाळी बल्ब नुसता लालसर मिणमिणायचा. आणि मी तिथं एस.टी. रंगवत बसले होते!

घरी आले ती रागानं फणफणत. “तुमच्यामुळं गेली नोकरी,” मी आण्णांना म्हणाले. आईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. आण्णा सायकल काढून ड्युटीवर निघून गेले. आज ते नाहीत, आणि ते वाक्य माझ्या तोंडून गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

ते जेवणाचा डबाही न घेता गेले होते. दुपारी तो घेऊन मी स्टँडवर गेले. खिडकीपाशी रांग होती, म्हणून बाजूला उभी राहिले.

“इंदापूरची गाडी कवा हाय रं?” एका म्हातारीनं विचारलं.

“कुणाकडं निगालीस, आजे?”

“लेकीकडं. भवानीनगरला.”

“मग इंदापूरची कशाला बघत बसतीस? ती वालचंदनगरची लागलीया, तीबी भवानीनगरवरनंच जाती. जा बिगीबिगी.”

मागच्या माणसाला दौंडची गाडी हवी होती. आण्णांनी त्याला पुढे रेल्वे कुठली धरायची ते विचारलं, मग बरोबर पोरं किती ते विचारलं, आणि मग तासाभरानं सुटणाऱ्या गाडीत बसायला सांगितलं. तिच्यात जागा मिळणार होती. अर्धा तास मी बघत होते. आण्णांनी एकालाही उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर दिलं नाही.

रांग सरल्यावर मी डबा आत सरकवला. “हितं तर तुमी समद्यांला इचारताय.”

“हितं मी खिडकीच्या आत हाय, तेजे,” ते म्हणाले. डबा उघडला, पण घास घेतला नाही. “भायेर हुबा हुतो तवा एकदाच इचारलं हुतं.”

मग त्यांनी सांगितलं. एकोणसत्तर साल. आण्णा आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक पास. पुण्यातल्या एका कचेरीत क्लार्कची मुलाखत होती. साहेबानं विचारलं, आलेली टपालं कशी लावशील?

“म्या इचारलं, रोज किती येत्यात, सायेब? त्यानं फाईल मिटली. हितं आमी इचारायचं का तू, म्हनला. मग गाव इचारलं. मग आडनाव पुन्यांदा इचारलं. आन् जा म्हनला.”

स्टँडवर एक गाडी मागे घेत होते, कंडक्टरची शिट्टी चालू होती. ती थांबल्यावर आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरुबर इचारलं हुतं का गं म्या?”

अठ्ठावीस वर्षं हा माणूस हे मनात धरून बसला होता. आईलाही कधी बोलला नव्हता.

“बरुबर म्हंजे काय, आण्णा! पैला प्रश्न त्योच इचाराय पायजे. रोज धा टपालं येत्यात का हजार, ते कळल्याबिगार कसं सांगणार?”

“व्हय ना?” ते म्हणाले, आणि जेवायला लागले. जेवताना त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या संध्याकाळपासून तालीम पुन्हा सुरू झाली. आता मी प्रश्न विचारला नाही की आण्णाच ओरडायचे.

महिन्याभरानं दुसरी कंपनी आली. खेड्यातल्या घरासाठी पाण्याचा फिल्टर करायचा होता. मी विचारलं, “सर, त्या घरात पाणी कोण भरतं? आणि दिवसातून किती वेळा?” समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. पण ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “चांगला प्रश्न आहे. सांगतो.”

जूनमध्ये मी कामावर रुजू झाले. आण्णा रजा काढून सोडायला आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. कंपनीच्या गेटवर तेच साहेब भेटले. मी ओळख करून दिली. आण्णांनी हात जोडले आणि जरा घुटमळले.

“सायेब, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“पोरीला घरी फोन करायचा झाला तर हितनं करता यील का?”

“येईल की. काळजी करू नका.”

“आन् आमाला करायचा झाला तर?”

साहेबांनी खिशातून कार्ड काढून नंबर दाखवला, कोणत्या वेळी फोन करायचा तेही सांगितलं. आण्णांनी कार्ड वरच्या खिशात नीट ठेवलं.

“सायेब, आजून एक इचारू?”

“अहो, विचारा!”

आण्णा विचार करू लागले. कपाळावर आठ्या आल्या, मग हळूहळू गेल्या. त्यांच्याजवळ तिसरा प्रश्नच नव्हता.

“न्हाय, काय न्हाय, सायेब,” ते हसून म्हणाले. “नुसतं इचारून बघितलं.”