साक्षीदार क्रमांक दोन

कोऱ्हाळे बुद्रुकच्या मुक्ताबाईचा दिवस गोठ्यात उजाडतो आणि गोठ्यातच मावळतो. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. दोन म्हशींच्या धारा झाल्या, दूध डेअरीला गेलं, भाकऱ्या थापायला ती बसली. शेवटची भाकरी तव्यावर असताना जोतीरामचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोन वाजला. बोलणं संपवून तो दारातूनच म्हणाला, "सुप्रिया वकीलबाईंचा व्हता. हायकोर्टाचा निकाल आलाय. फोनवर सांगत न्हायत, दुपारी बारामतीला या म्हणल्या. स्वरूपा इंदापुरातनं परस्पर येती हाय."

मुक्ताबाईची भाकरी करपत नाही, असा तिचा भावकीत लौकिक. ती करपली.

निकाल कसला, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी, तिची लेक स्वरूपा एकोणीस वर्षांची असताना, गावातल्याच बड्या घरच्या अविराजनं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत तिच्यावर बलात्कार केला. हा शब्द मुक्ताबाईच्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. घरात म्हणायचे, ‘ते झालं तवा’. स्वरूपानं मात्र तो कोर्टात उच्चारला, मान वर करून, आणि बारामतीच्या कोर्टानं अविराजला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यानं अपील केलं, जामीन मिळवला आणि तीन वर्षं तो बुलेटवरून गावभर हिंडत होता. आता हायकोर्टानं त्याला सोडलं, तर हलगी वाजवत मिरवणूक निघणार होती आणि स्वरूपा जन्माची खोटारडी ठरणार होती.

लोकांना वाटे, आईनं लेकीचा घोर घेतलाय. घोर होताच. पण बाईला आतून पोखरत होतं ते वेगळंच.

त्या दुपारी स्वरूपा भिंत धरत धरत घरी आली होती. आईच्या कुशीत शिरून तिनं सगळं सांगितलं, नावानिशी सांगितलं. आणि आईनं काय केलं? बंब पेटवला. पोरीला डोक्यावरून दोनदा कढत पाणी घातलं. अंगावरचे कपडे साबण लावून दगडावर धोपटले आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून गोठ्यामागं वाळत टाकले. "तुझ्या बापाला कळलं तर हीर जवळ करंल. तोंडातनं शब्द काढायचा न्हाय," असं बजावून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिला बावड्याला, आपल्या बहिणीकडं, धाडून दिलं. बाई वाईट नव्हती हो. आपल्याकडच्या दहातल्या नऊ आयांनी हेच केलं असतं आणि वर म्हटलं असतं, पोरीची अब्रू झाकली. झाकली ती पोरीची की घराची, हे मात्र कुणी विचारायचं नाही. पुरावा मोरीतून वाहून गेला तो गेलाच.

बावड्याची धोंडाबाई मावशी निराळ्या मातीची निघाली. पोरगी घास गिळेना, म्हणून पाचव्या दिवशी तिनं खोदून खोदून विचारलं आणि तिला घेऊन तडक पोलीस ठाणं गाठलं. केस अशी उभी राहिली. आईमुळं नव्हे, मावशीमुळं.

पुढं खटला चालला. मुक्ताबाईच्या साक्षीच्या आदल्या दिवशी जोतीरामनं तिला कोपऱ्यात घेतलं. "धुतलं म्हणून कबूल केलंस, तर पुरावा बुडवला म्हणून तुलाच आत टाकतील. आन् भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय." दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वकिलानं विचारलं, मुलीनं त्या दिवशी तुम्हाला काही सांगितलं? मुक्ताबाई म्हणाली, न्हाय. कपडे तुम्ही धुतलेत? न्हाय, मला ठावं न्हाय. देवाची शपथ घेऊन सांगितलं तिनं हे. स्वरूपाची साक्ष त्याआधीच झाली होती आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. ती बाजूच्या बाकावर बसून आईचं ऐकत होती. त्यानंतर ती कोऱ्हाळ्याला राहायला आली नाही. मावशीकडंच राहिली, इंदापुरात एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागली.

अपील उभं राहिलं तेव्हा स्वरूपाच्या बाजूनं लढणाऱ्या सुप्रिया वकिलांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "मावशी, समोरच्यांचा सगळा भर तुमच्या साक्षीवर आहे. मुलगी म्हणते आईला सांगितलं, आई म्हणते नाही सांगितलं. जिला सख्खी आई साथ देत नाही, तिच्या एकटीच्या शब्दावर माणसाला दहा वर्षं कसं डांबायचं, असं ते विचारतायत."

"मग मी जाते की मुंबईला," मुक्ताबाई म्हणाली. "सायबाम्होरं खरं सांगते."

"अपिलात साक्षीदार पुन्हा उभे करत नाहीत सहसा. खाली जे लिहून घेतलं, तेच कागद वर वाचतात. त्यांना ना स्वरूपा दिसणार, ना तुम्ही. तुम्ही बोललात ते बोललात, मावशी."

तेव्हापासून बाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आपल्या तोंडचा एक शब्द मुंबईत कागदावर पडून आहे आणि तो आपल्याच लेकराचा गळा धरणार, हे तिला कळून चुकलं होतं.

दुपारी दोघं बारामतीला पोचली, तेव्हा स्वरूपा आधीच येऊन बसली होती. सत्तावीस वर्षांची बाई झाली होती आता. "आलीस?" आईनं विचारलं. "व्हय," ती म्हणाली.

सुप्रिया वकिलांनी ताटकळत ठेवलं नाही. "अपील फेटाळलं. शिक्षा कायम. चार आठवड्यांत त्याला हजर व्हायचंय."

जोतीरामनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. स्वरूपानं डोळे मिटले. मुक्ताबाईला हायसं वाटलं, रडूही आलं. पण वकीलबाई कागद चाळत होत्या. "कारणं ऐका. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. ‘साक्षीदार क्रमांक दोन...’"

"त्यो कोण?" जोतीरामनं विचारलं.

"या मावशीच, स्वरूपाच्या आई. असल्या निकालात नावं घालत नाहीत." त्या वाचू लागल्या. "‘पीडिता आणि तिची आई, दोघींपैकी एक खोटं बोलते आहे, हे आरोपीच्या वकिलांचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. प्रश्न इतकाच, की कोण? आईला काही सांगितलं नाही, कपडे हरवले, असं म्हणणं मुलीला सोयीचं होतं. तसं म्हटलं असतं, तर दोघींच्या साक्षी जुळल्या असत्या. पण आपल्याच आईनं कपडे धुतले, गप्प बसायला सांगितलं, हे तिनं शपथेवर सांगितलं. त्यानं आपलीच बाजू लंगडी पडेल, हे दिसत असताना सांगितलं. उलटतपासात ती कुठंही ढळली नाही. जी मुलगी आईला वाचवण्यासाठीही खोटं बोलत नाही, ती एका परक्या माणसाला अडकवायला खोटं बोलेल, असं आम्हाला वाटत नाही. साक्षीदार क्रमांक दोन लोकलाजेपोटी खोटं बोलली. तिच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. पीडितेवर ठेवतो. तिची साक्ष अशी स्वच्छ असताना तिला दुसऱ्या कशाच्या आधाराची गरज नाही.’"

वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. कुणी थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं, असं मुक्ताबाईला वाटलं. मुंबईच्या ज्या माणसांनी स्वरूपाचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांना नुसत्या कागदावरून पोर खरी आहे हे उमगलं. आणि तिनं? तिला तर त्या दुपारीच माहीत होतं. पोरीच्या बोलण्यावर क्षणभरही तिनं शंका घेतली नव्हती. तरी ती कोर्टात न्हाय म्हणाली.

जोतीराम म्हणाला, "जाऊ दे. इंग्रजीत लिव्हलंय, गावात कोण वाचतंय? आपण जिंकलो, ह्ये महत्त्वाचं."

"आपण न्हाय, तात्या," स्वरूपा म्हणाली.

जिना उतरताना मुक्ताबाईनं लेकीचा दंड धरला. "स्वरूपा, मी धुतलं व्हतं गं कापडं. तू मला सांगितलं व्हतंस. समदं सांगितलं व्हतंस."

"मला काय सांगतीस, आई? मी तितंच व्हते." तिनं हळूच दंड सोडवून घेतला. आवाजात राग नव्हता, हेच आईला जास्त लागलं. "ज्यांना ठावं न्हाय, त्यांना सांग." एवढं बोलून ती स्टँडकडं चालू लागली. आईनं मागून हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

संध्याकाळी ती दोघं घरी पोचेस्तोवर बातमी पुढं गेलेली. भावकीतल्या सात-आठ बाया ओट्यावर जमल्या होत्या. थोरल्या जाऊबाईंनी वाटीत साखर आणली होती. "पोर न्हाय हितं, म्हणून तुझ्या तोंडात घालते," त्या म्हणाल्या. "लई सोसलंस, मुक्ता. घरंदाज आईची पोर खोटं बोलायची न्हाय, ह्ये कोर्टालाबी पटलं बघ."

मुक्ताबाईनं वाटी हातानं बाजूला सारली.

"आक्का, कोर्टानं लिव्हलंय, आई खोटी हाय." सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलत राहिली. "पोर घरी आली तवाच तिनं मला अविराजचं नाव सांगितलं. मी तिला न्हाऊ घातलं, कापडं धुतली, गप बस म्हणलं. आन् कोर्टात देवाची आण घिऊन सांगितलं, मला काय ठावं न्हाय. त्यो माझ्यामुळं सुटला असता. पोर एकटी खरी बोलली, म्हणून आत चाललाय."

आतून जोतीराम ओरडला, "मुक्ते, आत ये." ती जागची हलली नाही.

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. "असं चारचौघींत बोलायचं असतं व्हय? घराची अब्रू जाती."

"घराची न्हाय, आक्का. माझी जाती. जाऊ द्या."

दोघी-तिघी उठून गेल्या. जाऊबाई साखरेची वाटी घेऊन गेल्या. बाकीच्या खाली बघत बसून राहिल्या, आणि त्या का बसल्या, हे ज्याचं त्यानं आपल्या घरात डोकावून ओळखावं. त्यांच्यात शेजारची सून संस्कृती होती, मांडीवर वर्षाची मुलगी घेऊन. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "काकू, मग करायचं काय असतं अशा टायमाला?"

मुक्ताबाई तिच्यासमोर खाली बसली.

"न्हाऊ घालायचं न्हाय. कापडं धुवायची न्हाईत, तशीच पिशवीत घालायची. त्याच दिवशी पोरीचा हात धरून ठाण्यात जायचं, दवाखान्यात जायचं. आन् कोर्टात आईला इचारतील, तुला पोरीनं सांगितलं का, तवा म्हणायचं, व्हय, सांगितलं." ती थांबली. "एवढंच म्हणायचं व्हतं बाई मला."