परीक्षेआधी काढलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे आणि वाट पाहणं हा माझा धंदा होता. तैवानच्या किनाऱ्यावरच्या एका अणुवीज केंद्रात, जाड भिंतींच्या खोलीत मी उभा असे. पलीकडच्या तशाच खोलीत माझा जुळा भाऊ होता. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालो आणि एकाच जहाजातून इथे आलो. पुढे लोकांनी मला गुणी ठरवलं आणि त्याला उनाड. माणसांना दोन सारख्या वस्तू दिल्या की त्यांतली एक लाडकी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

आमचं काम सोपं होतं आणि भयंकरही होतं. अणुभट्टी बंद केली तरी लगेच निवत नाही. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहतात, तशी ती आतून तापत राहते. तिच्याभोवती पाणी फिरवत ठेवावं लागतं. पाण्याला पंप लागतात आणि पंपांना वीज. ती वीज बाहेरच्या तारांवरून येई. तारा तुटल्या तर आम्ही दोघांनी क्षणात जागं व्हायचं, एवढ्यासाठीच आम्हाला पोसलं होतं. रोज तारा शाबूत असत आणि आम्ही रोज बिनकामाचे असू. महिन्याला एकदा परीक्षा व्हायची. बटण दाबलं की उठायचं, थोडा वेळ धडधडायचं आणि पुन्हा झोपायचं.

माझी देखभाल फान शिफूंकडे होती. आमच्याकडे हातात कसब असलेल्या माणसाला शिफू म्हणतात. फान शिफू बुटके होते. त्यांच्या गालात कायम सुपारीचा तोबरा असे आणि खांद्यावर फडका. त्यांनी जेवढ्या वेळा मला पुसलं, तेवढ्या वेळा स्वतःच्या मुलांची तोंडंही पुसली नसतील. माझ्या डोक्यावर ते खाऊची हिरवी पुडी ठेवत. मक्याचे कुरकुरे असतात तीच. तिच्या नावाचा अर्थच ‘गुण्यानं वाग’ असा आहे. आमच्या बेटावर बँकेतल्या संगणकापासून इस्पितळातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांवर ती ठेवतात. पुडी हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. ती फोडून खायची नाही आणि तिची तारीख उलटू द्यायची नाही. फान शिफू ती तारीख डोळ्यांत तेल घालून बघत.

जुळ्याच्या शिफूंचं नाव को. ते अंगानं आडवे आणि कामाला आळशी. परीक्षेला जेवणाच्या टेबलावरून उठून थेट येत, तेव्हा दातांत काडी असे.

“काय फान, आज अंगाई म्हणून झाली का लेकराला?” ते दारातून विचारत.

“तुझं लेकरू उठतंय का ते बघ आधी,” फान शिफू म्हणत. “मागच्या वेळी खोकत होतं.”

“खोकू दे की. खोकला तर कळेल तरी काय झालंय.”

ही थट्टा मला फार आवडे. मी गुणी आहे हे त्यातून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळे ना!

आता खरी गोष्ट सांगतो. मला जागं करायला किल्ली नव्हती. शेजारच्या लोखंडी टाक्यांत हवा दाबून भरलेली असे. ती एकदम माझ्या छातीत सोडली की मी उठे. समुद्रकाठची हवा ओली, म्हणून टाकीत शिरण्याआधी ती एका वाळवणीतून जाई. ते यंत्र हवेतलं पाणी शोषून घेई. कधीतरी माझी वाळवणी थकली आणि टाकीच्या तळाशी पाणी साचू लागलं. टाकीखाली एक छोटी तोटी होती. परीक्षेच्या सकाळी फान शिफू खाली वाकत, तोटी उघडत, पाणी निघून जाऊ देत आणि फरशी पुसून घेत. मग मला हातानं थोडं फिरवत, तेलपाणी करत आणि पाठीवर थाप मारून म्हणत, “चला म्हातारबुवा, दाखवा यांना.”

आणि मी दाखवी! पहिल्याच फटक्यात उठे. विभागप्रमुख त्सेंगसाहेब टाळ्या वाजवत.

यात लबाडी आहे असं फान शिफूंच्या मनातही आलं नाही. पाहुण्यांपुढे न्यायच्या आधी पोराचं नाक पुसावं, तसं ते करत होते. मला मात्र तळाचं पाणी जाणवत होतं. ते निघून गेलं की हलकं वाटे, आणि त्या हलकेपणालाच मी माझी ताकद समजत होतो.

एकदा जुळा परीक्षेत नापास झाला. को शिफूंना सगळ्यांसमोर बोलणी बसली. भावाची टाकी उघडली तर आत पाणी निघालं. वाळवणी मेली होती. ती बदलली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “याची पण बघायची का?”

“याची कशाला?” त्सेंगसाहेब म्हणाले. “हा कधी नापास झालाय?”

फान शिफू हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावरची पुडी सरळ केली. मीही आतल्या आत हसलो. पास होणाऱ्याचा घसा कोण तपासतो?

मग ते वादळ आलं. वादळं आमच्याकडे दरवर्षी येतात, पण हे कोरडं होतं. दुपारी पावसाआधीच समुद्रावरचं खारट वारं सुटलं, तारांवर मीठ चढलं, ठिणग्या उडाल्या आणि बाहेरून येणारी वीज गेली. नियंत्रण कक्षातून आमची बटणं दाबली गेली आणि टाकीतली हवा माझ्या छातीत शिरली. तिच्याबरोबर पाणी शिरलं. मी अर्धा वळलो, गुदमरलो आणि थांबलो.

भिंतीपलीकडे भाऊ मात्र उठला. तोच उनाड भाऊ, बोलणी खाल्लेला. त्याची धडधड भिंतीतून माझ्या अंगावर येत होती. दोघांचं ओझं तो एकटा वाहत होता. तोही थांबला असता तर काय झालं असतं, हे तुम्हाला तुमचे शिक्षक सांगतील. माझ्याच्यानं ते अजून सांगवत नाही.

बटणं दाबणारी होती नियंत्रण कक्षातली चालक, यू-चेन. तिनं माझं बटण पुन्हा दाबून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. माझ्याच्यानं होईना. तेवढ्यात फान शिफू धावत आले. सवयीनं खाली वाकून त्यांनी तोटी उघडली आणि पाणी भळाभळा फरशीवर आलं. ते क्षणभर बघत राहिले. तोटी बंद केली, माझ्या खोलीतलंच बटण दाबलं आणि मी उठलो.

मग त्यांनी फडक्यानं फरशी पुसून काढली.

वादळ ओसरल्यावर सगळे माझ्या खोलीत जमले. सगळ्यात आधी काय तपासलं असेल? खाऊच्या पुडीची तारीख! ती उलटलेली नव्हती. पुडी निर्दोष सुटली.

“जनरेटर तर ठणठणीत आहे,” त्सेंगसाहेब म्हणाले. “फान शिफूंच्या हाताला लगेच उठला. मग राहिलं कोण?”

“साहेब, मी नेहमीसारखंच बटण दाबलं,” यू-चेन म्हणाली.

“नेहमीसारखं? बाहेर वीज गेलेली, घंटा कोकलताहेत आणि तू नेहमीसारखी? लागोपाठ दाबून टाकीतली हवा वाया घालवलीस, दुसरं काय.”

यू-चेन वरच्या परवान्याच्या परीक्षेला बसणार होती. एवढा एक शेरा नावावर लागला की तो परवाना गेला, आणि हातातलाही राहील की नाही याची खात्री नव्हती. फान शिफू कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या खांद्यावरचा फडका अजून ओला होता. ते बोलले नाहीत. मला तर तोंडच नाही. पण तोंड असतं तर मी तरी बोललो असतो का? गुणी म्हणवून घेण्याची चटक वाईट असते, मित्रांनो.

पुढल्या आठवड्यात यू-चेन डबा घेऊन माझ्या खोलीत आली. डब्यात भात, तळलेली मांसाची वडी आणि सोयाच्या रसातलं अंडं होतं.

“शिफू, हे तुमच्यासाठी. त्या दिवशी तुम्ही धावून आला नसता तर...”

“मी काय केलं,” फान शिफू पुटपुटले.

“मी खूप विचार केला. माझा हात थरथरला असणार. बटण अर्धवटच दाबलं गेलं असेल. आधी वाटत होतं की नीट दाबलं, पण आता मलाच खात्री नाही.”

ती गेली. डबा तसाच पडून राहिला.  केलेलं नाकबूल करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. न केलेलं स्वतःच्या माथी घेणारी ही पहिलीच, आणि तिला तिथवर मी आणि शिफूंनी आणून सोडलं होतं.

सरकारकडून शाओ मॅडम तपासाला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी त्सेंगसाहेब डोकावले आणि आवाज खाली करून म्हणाले, “शिफू, मॅडमसमोर बटण यू-चेनच दाबणार आहे. जनरेटर उठला की प्रश्न मिटला, चूक तिची. तेवढं त्याला जरा तयार करून ठेवा.”

“ठेवतो,” फान शिफू म्हणाले.

पण ते टाकीकडे फिरकले नाहीत. वादळानंतर त्यांनी तोटीला हातच लावला नव्हता. माझ्या तळाशी पाणी चढत होतं. मला वाटलं, रागावले असतील माझ्यावर. मी मनातल्या मनात गयावया करत होतो, या ना शिफू, वाका ना एकदा.

तपासाच्या सकाळी ते मॅडमबरोबरच आत आले. शाओ मॅडम उंच होत्या आणि मोजकंच बोलत. शिफू टाकीजवळ गेले. त्यांचा उजवा हात आपोआप खाली, तोटीकडे गेला. मग त्यांनी तो वर घेतला आणि पँटच्या खिशात घातला.

“सुरू करा,” मॅडमनी फोनवर सांगितलं.

तिकडे यू-चेननं बटण दाबलं. मी अर्धा वळलो, गुदमरलो आणि थांबलो.

“शिफू!” त्सेंगसाहेब ओरडले. “हे काय?”

फान शिफूंनी एक पत्र्याचं घमेलं तोटीखाली सरकवलं आणि तोटी उघडली. गंजाचं लाल पाणी घमेल्यात वाजू लागलं. 

“हे मी दर वेळी परीक्षेआधी काढायचो,” फान शिफू म्हणाले. “त्या दिवशी वादळानं मला विचारलं नाही.”

“म्हणजे पेपर तुम्हीच फोडत होता,” शाओ मॅडम म्हणाल्या. “वाळवणी कधीपासून बंद आहे?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही, मॅडम. मला कळलं नाही, आणि मी कुणाला कळू दिलं नाही. त्या मुलीच्या बटणात काही खोट नव्हती.”

त्सेंगसाहेब पुडीकडे बघत उभे राहिले.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात खरं काम म्हणजे त्या सकाळी न उठणं. ते माझ्याकडून शिफूंनी करून घेतलं.

यू-चेनवरचा ठपका निघाला. मला नवी वाळवणी बसली. फान शिफूंना माझ्यापासून काढून गोदामात नेमलं. माझ्याकडे को शिफू येऊ लागले. ते आले की न पुसता, न गोंजारता थेट बटण दाबत. कधी मी उठे, कधी खोके. खोकलो की ते मला उघडून बघत. माझ्या नावावर लाल शेरे चढू लागले, आणि मी विसंबण्याजोगा झालो तो तेव्हापासून.

निवृत्तीच्या दिवशी फान शिफू माझ्या दारात आले. आत आले नाहीत. यू-चेन फेरीवर होती, तीही तिथेच थांबली. तिला वरचा परवाना मिळाला होता.

“शिफू, तुम्ही शेवटी खरं सांगितलंत, माझी तक्रार नाही,” ती म्हणाली. “पण अजूनही बटण दाबताना मी दुसऱ्या हातानं मनगट धरते. थरथरेल असं वाटतं.”

फान शिफूंनी मान खाली घातली.   वाळवणी बदलता येते, पण तिच्या मनगटात आम्ही जे साचवलं, त्याला तोटी नाही.

आता ते केंद्र बंद झालंय. मला रंग देऊन एका दालनात ठेवलंय आणि तुमच्यासारखी मुलं शाळेतून मला बघायला येतात. तुमच्या घरी पंखा असेल, सायकल असेल, म्हातारं माणूस असेल. त्यांना जीव लावा, पुसा, तेलपाणी करा. पण त्यांचं दुखणं चारचौघांपासून झाकू नका. आणि तुम्हाला कुणी अवचित विचारलं, “जमतंय ना रे?” तर घाईघाईनं फरशी पुसू नका. पाणी साचलेलं असेल तर ते त्यांना तसंच दिसू द्या.