शेवटचा घोट

दारूच्या कारखान्यात आम्ही दोघी बहिणी चव घ्यायला बसतो. कामाची रीत साधी. घोट तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा. फक्त प्रत्येक पिंपाचा शेवटचा घोट गिळायचा. घशाला काय वाटतं ते थुंकून कळत नाही, असं आमचे उस्ताद सांगायचे आणि आम्ही ते देववाक्य मानलं. मग धाकटी वहीत शेरा लिहिते, थोरली म्हणून मी सही करते. दिवसाला दहा-बारा पिंपं होतात.

धाकटीला पाचवा महिना आहे. अशा दिवसांत नाक तिखट होतं, म्हणून साहेब खूश. तिच्यापुढे जास्त पेले येतात. माझ्याही वेळी हेच झालं होतं. तेव्हा मी काय हवेत होते!

माझी छकुली आता नऊ वर्षांची. काल घोकलेला पाढा आज साफ पुसलेला. पाव आणायला पाठवली तर काय आणायचं ते आठवत नाही म्हणून कोपऱ्यावर रडत उभी राहते. "बापावर गेलीय," असं मी म्हणायची आणि सगळे हसायचे. तो बिचाराही हसायचा.

मग डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा निरखला. नाकाखालची खोबण जवळजवळ सपाट.

"ही पोटात असताना दारू घेत होतात?"

"छे! कामापुरती. घोट-घोट."

"तीही नाळेतून बाळाकडे जाते. मेंदू नऊ महिने घडत असतो. तिथे बिघडलेलं नंतर दुरुस्त होत नाही."

धाकटीला सांगायचं म्हणजे छकुलीचं कबूल करायचं. जिच्या जिवावर मी पोट भरते ती जीभच रेटेना.

आज सकाळी तिने सातव्या पिंपाचा शेवटचा पेला तोंडाला लावला.

"थुंक!" मी ओरडले.

तिने गिळला आणि हसली. "अगं, शेवटचा होता. तू नाही का गिळायचीस?"

"म्हणूनच छकुली अशी आहे."

मला रडू फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. आता थांबलीस तरी बाळाचं भलंच होईल, असं विनवलं. तिचा हात पोटावर गेला.

"डॉक्टरीणबाई हे कधी म्हणाल्या?"

मी तिच्यापुढचे पेले बाजूला सारू लागले.

"ताई, कधी?"

"तीन महिने झाले."

ती वही ओढून मागची पानं उलटू लागली. प्रत्येक पानावर तिचा शेरा होता आणि त्याखाली माझी सही.