शेवटचं कडवं

पिशोरच्या वाचनालयात सकाळी माझं व्याख्यान होतं. विषय होता अभिरुची. मोजकीच माणसं आली होती आणि त्यांतलीही काही पंख्याखाली बसायला आली असावीत. ‘रडवणं हे कलेतलं सर्वांत सोपं काम आहे,’ असं एक वाक्य मी कागदावरून वाचलं. वाचतानाच शंका आली, की हे माझं आहे का कुठून उचललेलं? पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

दुपारी शहरात परतायला काळी-पिवळी जीप मिळाली. म्हातारा म्हणून मला पुढं, ड्रायव्हरशेजारी बसवलं. माझ्या पलीकडं खिडकीशी राजकुमार नावाचा कापसाचा व्यापारी होता. गाडी हलताच तो घोरायला लागला. मागं दाटीवाटीत आवडाबाई बसल्या होत्या, मांडीवर लाडवांचा डबा घट्ट धरून. त्यांच्या शेजारी तनुजा. सकाळी व्याख्यानाला आलेली कॉलेजातली मुलगी ती एकटीच.

ड्रायव्हरचं नाव कडुबा. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर कोरा टॉवेल आणि नखं हळदीनं पिवळी.

“काल बहिणीचं लगीन झालं, बाबा,” तो आपणहून म्हणाला. “नवरदेवाचा कान पिळला, त्याचा ह्यो आहेर.”

“लई पिळलास म्हणं,” आवडाबाई मागून बोलल्या. “जावई अजून कान चोळतोय.”

“पिळणारच की मावशे! एकुलती एक बहीण नेली त्यानं.”

त्याच्या पेनड्राइव्हवर सगळी रडकी गाणी होती. सासरी जाणारी लेक, आठवणीतली आई, परत न आलेला भाऊ. कडुबा प्रत्येक गाणं मोकळ्या गळ्यानं म्हणत होता, मध्येच नाक ओढत होता. मागचेही सूर धरत होते. कुणालाच त्याची लाज वाटत नव्हती. मला मात्र अवघडल्यासारखं झालं होतं, कारण त्यांतलं प्रत्येक गाणं मला पाठ होतं. आमच्या घरी माझी बायको शैला सकाळी ओट्यापाशी हीच गाणी लावते आणि भाजी चिरता चिरता रडते. “रडलं की बरं वाटतं, त्यात लाजायचं काय?” असं म्हणते. मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसतो आणि ओठ न हलवता तिच्यासोबत गातो. हे तिला ठाऊक नसावं. किंवा असेलही.

फुलंब्री जवळ आली आणि पेनड्राइव्ह बंद पडला. “तापला,” म्हणत कडुबानं त्याला दोन चापट्या मारल्या. तो काही चालला नाही.

गाडीत शांतता पसरली. उन्हाची झळ काचेतून आत येत होती. थोड्या वेळानं सहज कडुबाकडं पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले होते.

मला वाटलं, भास असेल. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय. पण तेवढ्यात चाकांखाली खडी करकरली आणि गाडी कडेला गेली. कडुबानं दचकून स्टिअरिंग फिरवलं.

“काय रे, नीट चालव की!” आवडाबाई ओरडल्या.

“खड्डा व्हता, मावशे.”

खड्डा नव्हता. हे फक्त मी पाहिलं होतं.

मला बोलायला हवं होतं. पण चालत्या गाडीत, इतक्या माणसांसमोर, दुसऱ्याच्या कामात चूक काढायची? मी घसा खाकरला. “चहा घ्यायचा का? इथं फुलंब्रीला?”

“सिटीतच घेऊ, बाबा. मालकाचा सारखा फोन येतोय. परतीच्या सवाऱ्या हायेत.”

“झोप झाली नाही वाटतं?”

“लग्नघरात कसली झोप? सरळ मांडवातूनच गाडीवर आलो.” तो हसला आणि हसता हसताच त्याच्या पापण्या पुन्हा खाली आल्या.

फुलंब्री मागं पडली. पुढं चौक्याचा घाट होता. मी मागं वळून तनुजाला खूण केली. तिच्या कानात इअरफोन होते. सर बघताहेत म्हणून ती नम्रपणे हसली. समोरून एक ट्रक आला आणि अगदी जवळून गेला. त्याच्या वाऱ्यानं कडुबाची टोपी हलली, पापणी हलली नाही. ओरडलो आणि तो दचकला, तर गाडी कुठं जाईल? हात लावला तर?

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मी ठरवलं नव्हतं.

“ताई, तुझ्या पाटावरती बसत नाही कोणी…”

आवाज फाटका होता, चिरकलाही. मागं कोणीतरी खुदकन हसलं. पण कडुबाचे डोळे उघडले.

“आयला, बाबा! तुमाला येतं व्हय हे?”

“…आई अजून दोन ताटं वाढते जेवणी.”

दुसरी ओळ त्यानं माझ्या आधी उचलली. आवडाबाईंनी डब्यावर ठेका धरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कडुबा टक्क जागा होता. मला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. आता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो कोऱ्या टॉवेलानं तोंड पुसत होता. आख्खं तोंड, डोळ्यांसकट, आणि गाडी पळतच होती. गाणं थांबवावं तर तो झोपणार. चालू ठेवावं तर त्याला रस्ता दिसणार नाही. समोर घाटाची पाटी दिसली.

शेवटचं कडवं उरलं होतं. त्यात भाऊ बहिणीच्या रिकाम्या खोलीत जातो आणि तिची तुटकी बांगडी खिशात घालतो. या कडव्याला शैलाच्या हातून काम होत नाही. सुरी बाजूला ठेवते, गॅस बंद करते. माझंही पान उलटायचं राहतं. मी सकाळी लोकांना सांगून आलो होतो, की हे सर्वांत सोपं काम आहे. मला तर ते गाडी थांबण्याइतकं जमेल याची मुळीच खात्री नव्हती.

मी ते म्हटलं. होईल तितकं सावकाश, एकेक शब्द त्याच्या कानाशी नेत. बांगडीपाशी माझीच ओळ अर्धी राहिली.

“थांबा, थांबा बाबा,” कडुबा हुंदका देत म्हणाला. “मला काय दिसंना.”

त्यानं गाडी कडेला घेतली. लिंबाच्या सावलीत इंजिन बंद झालं. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडताच झोपला. मी हळूच किल्ली काढून खिशात टाकली.

राजकुमार जागा झाला. “आली का सिटी?”

“गप बसा,” आवडाबाई म्हणाल्या. “झोपू द्या लेकराला.” त्यांनी डबा उघडून लाडू वाटायला घेतले. मीही एक घेतला.

डॅशबोर्डवर कडुबाचा फोन वाजायला लागला. ‘मालक’. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं मी नेहमी टाळतो. मी तो उचलला. “गाडी थांबलेली आहे. ड्रायव्हर उठला की निघू,” एवढं बोललो आणि तिकडचा आवाज चढायच्या आत ठेवून दिला.

तनुजानं इअरफोन काढून ठेवले होते. “सर, सकाळी तुम्ही म्हणाला होता, रडवणं सोपं असतं.”

“हो. म्हणालो होतो.”

“मग आता घाटात यांना जागं ठेवायला कोणतं म्हणायचं?”

मी पुढं पाहिलं. रस्ता वळून खाली उतरत होता.

“घाटात कोणतंच नाही,” मी म्हटलं. “घाटात सगळ्यांनी भांडायचं.”