चादरीखालचा कोप

"अगं आई! लई तापलंय की!"

शिलाई विभागातल्या गोदावरीमावशींनी नुसतं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"विस्तव नाही, निखारा नाही, तरी तापलंय," तेजोनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. "हा कोप आहे, माते. कोप!"

सोलापूरच्या त्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यातले सगळे कामगार सर्व्हर रूमच्या काचेला नाकं लावून उभे होते. महाराजांनी ओल्या भगव्या फडक्यात धरून नेटवर्क स्विचमधून बोटाएवढा धातूचा तुकडा उपसून दाराबाहेर आणला होता. त्याला कॉपर मॉड्यूल म्हणतात. तो स्विचच्या खाचेत बसवायचा, त्यात तांब्याची केबल खोचायची, की डिझाइनच्या भल्यामोठ्या फायली क्षणात मागांपर्यंत पोचतात. महाराजांच्या लेखी ती 'ताम्रदेवता' होती.

एकेक मॉड्यूल चेल्याने धरलेल्या परातीत, रेशमी वस्त्रावर विसावलं. महाराजांनी घंटा उचलली. "ॐ शीतलाय नमः! ॐ गिगाबिटेश्वराय नमः!"

मंत्र बराच वेळ चालला. मग मावशींनी पुन्हा बोट लावलं.

"व्हय की! गार पडलं!"

मॉड्यूल जागेवर गेली, हिरवे दिवे लुकलुकले आणि थांबलेले माग धडधडू लागले. जयजयकार झाला. मालक सोमशेखरअण्णांनी डोळे पुसले, कारखान्याची सगळ्यात जाड चादर मानाने स्विचच्या कपाटावर पुन्हा पांघरली आणि कोपऱ्यातल्या नंदादीपात तेल घातलं.

सगळ्यांच्या मागे नीलम्मा उभी होती. हे नेटवर्क सांभाळण्यासाठीच तिची नेमणूक झाली होती. नवं वेगवान नेटवर्क बसवताना तिने अण्णांना बजावलं होतं, "लांबच्या जोडण्या फायबरनं करू. तांब्याची मॉड्यूल्स कमी ठेवू आणि चिकटून बसवायला नकोत. ती फार तापतात."

पण अण्णा ज्यांच्या शब्दाबाहेर नव्हते, त्या महाराजांनी नाक मुरडलं होतं. फायबर म्हणजे काच, काच निर्जीव. तांबं मात्र सात्त्विक. झालं, प्रत्येक खाचेत तांबंच कोंबलं गेलं. दिव्याची ज्योत हलते म्हणून एसी बंद झाला. दृष्ट लागू नये म्हणून चादर आली. ऐन मे महिन्यात, सोलापुरात! मग नेटवर्क पडू लागलं आणि महाराजांना कारण सापडलं: ही पोरगी त्या चार दिवसांतही आत जाते. विटाळ!

तेव्हापासून दारावर 'स्त्रियांना प्रवेश नाही' अशी पाटी होती आणि नीलम्मा फाटकापाशी पाहुण्यांना पास देत बसत होती. तिच्या आईला, अक्कम्माला, गल्लीतल्या बायका नळावर विचारत होत्या, "लेकीमुळं कारखाना बंद पडतो म्हणं?" आज तर सगळ्यांसमोर महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून चूक कबूल करायची होती, नाहीतर नोकरी गेली.

नीलम्माच्या अंगाचा तिळपापड होत होता. न्याय वगैरे तिला नंतर चालला असता. आधी या माणसाचं तोंड भर गर्दीत उतरलेलं बघायचं होतं. आणि का बघू नये तिने?

"ये मुली," महाराजांनी पाय पुढे केले.

"येते की," ती गोड आवाजात म्हणाली. "पण आधी सगळ्यांचा प्रसाद होऊ द्या. मी इथंच बसते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तोवर तुम्ही दोन शब्द सांगा."

दोन शब्द सांगायला महाराजांना आग्रह लागत नसे. शिरा वाढला जात होता आणि ते सांगत होते, "आता स्त्रीचं पाऊल आत पडलं नाही, तर हे यंत्र वर्षभर हूं की चूं करणार नाही! हे माझं वचन आहे!"

"वर्षभर?" नीलम्माने विचारलं. "नक्की ना महाराज?"

"नक्की!"

ती शांतपणे शिरा खात राहिली. चादरीखाली काय शिजतंय ते तिला पक्कं माहीत होतं.

द्रोण रिकामे होतायत तोवर मागांची धडधड थांबली.

महाराज ताडकन उठले. "कोण बाई गेली आत?"

"कुणीबी न्हाय," गोदावरीमावशी म्हणाल्या. "समद्या हितंच हाव की."

नीलम्मा उठली आणि सरळ चेल्याच्या हातातल्या परातीकडे गेली. त्याने ती पाठीमागे लपवली, तशी मावशींनी हिसकून घेतली. नीलम्माने रेशमी वस्त्र ओढलं. खाली औषधांच्या खोक्यात घालतात तशा बर्फाच्या निळ्या पिशव्या होत्या.

"हे शीतलाय नमः," ती म्हणाली. मग तिने आत जाऊन चादर खाली खेचली, एक मॉड्यूल उपसलं आणि महाराजांसमोर धरलं. "परात नको, फडकं नको. तुमच्या हातानं शांत करा. घाबरू नका, मी नुसत्या हातानंच धरलंय. चटका बसतो, मरत नाही कुणी."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी घेतलं मात्र, "आई आई गं!" करून टाकलं आणि मंत्र सोडून बोटं फुंकू लागले. बायका खदाखदा हसल्या. नीलम्माला ते हसू शिऱ्यापेक्षा गोड लागलं.

पण तिचं अजून भागलं नव्हतं. तिने दिवा विझवला, एसी लावला, कपाटाची दारं सताड उघडून समोर पंखा ठेवला. लगतची काही मॉड्यूल्स काढून मध्ये खाचा मोकळ्या सोडल्या. मग स्विचवर हात ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "आज माझा दुसरा दिवस आहे, अण्णा. मी इथून हलत नाही. बघा आता कोप."

अण्णांनी मान खाली घातली. हळूहळू हिरवे दिवे लागले. निम्मे माग सुरू झाले. संध्याकाळची पाळी आली तरी ते थांबले नाहीत आणि नीलम्माही तिथून हलली नाही. महाराज मधल्या मध्ये निसटू बघत होते; मावशींनी फाटकाची कडी लावून त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं.

"देव नाही, कोप नाही," नीलम्माने सगळ्यांना सांगितलं. "साध्या तांब्याच्या तारेतून एवढा वेग काढायचा तर मॉड्यूलला फार वीज खावी लागते, म्हणून ते तापतं. शेजारी शेजारी बसवली की एकमेकांना तापवतात. वर चादर घातली की उष्णता कोंडते आणि जोडणी तुटते. यांच्या परातीत ती निवायची. मग परत चादर, परत बिघाड, परत महाराज! उरलेल्या जोडण्या फायबरवर नेल्या की बाकीचे मागही चालतील."

"नीलम्मा, झालं गेलं..." अण्णा पुटपुटले.

"झालं गेलं नाही. ती पाटी काढा. यांना काढू द्या. त्याच हातानं."

महाराजांनी भाजल्या बोटांनी पाटी उतरवली. नीलम्माने ती घेऊन मावशींच्या हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, एखादी गोष्ट तापली तर ती का तापली ते विचारा. कुणाची पाळी आहे ते विचारू नका."

"न्हाय विचारणार," मावशी म्हणाल्या. "आन कुणी विचारलं तर त्याच्याच हातात तापलेलं देऊ."